सायंकाळी मिटणाऱ्या पापण्या

आपल्या घरातील एखादी सून सकाळी प्रसन्नपणे उठते, चारचौघींसारखी बोलते, कामाला लागते. परंतु दिवस उतरू लागला की तिच्या पापण्या जड होऊन डोळ्यांवर येतात, भाकरीचा घास चावता चावता जबडा थकतो, वेणी घालण्यासाठी वर केलेले हात मध्येच खाली येतात. रात्रीची विश्रांती मिळताच ती पुन्हा पूर्ववत दिसते. अशा वेळी घरातील मंडळी काय म्हणतील? ‘कामाचा कंटाळा!’ असे कोणी म्हणेल. कोणी ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून देईल. वाचकहो, हा कंटाळा नव्हे आणि मनाचा खेळही नव्हे. ही ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ नावाची व्याधी असू शकते. आणि तिच्यावर उपचार आहेत.

हात उचलावा असे मनात येताच मज्जातंतूच्या टोकातून ॲसेटिलकोलीन हे द्रव्य स्रवते. किल्ली कुलपात बसावी तसे ते स्नायूवरील ठरावीक जागी बसते आणि स्नायू आकुंचन पावतो. या व्याधीत किल्ली शाबूत असते. परंतु रोगजंतूंशी लढणारी शरीराची प्रतिद्रव्येच चुकून ती कुलपे निकामी करतात. म्हणून श्रमाने दुर्बलता वाढते व विश्रांतीने ओसरते. ही व्याधी संसर्गजन्य नाही, आणि सामान्यतः ती आईबापांकडून मुलांकडे येत नाही. तरुण स्त्रियांत व उतारवयातील पुरुषांत ती विशेष आढळते.

१९३४ साली ग्रीनिच येथील सेंट अल्फेज रुग्णालयात डॉ. मेरी वॉकर यांनी अशा एका स्त्रीला फायसोस्टिग्मिनचे इंजेक्शन दिले. मिटलेली पापणी उघडली. काही तासांनी पुन्हा मिटली. तथापि मार्ग सापडला होता. त्याच जातीची पायरिडोस्टिग्मिनची गोळी आज दिली जाते. तिचा गुण सुमारे अर्ध्या ते एक तासात येतो व तीन ते सहा तास टिकतो. प्रतिद्रव्यांना आवर घालण्यासाठी स्टेरॉइड, अझाथायोप्रिन यांसारखी औषधे आहेत. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी काढल्याने योग्य रुग्णांना लाभ होतो, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. अभिनेते अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात ही व्याधी जडली होती. पुढेही ते अनेक दशके काम करीत राहिले.

औषध डॉक्टर देतात. पण त्या औषधासह दिवस कसा काढावा, हे समदुःखी माणूस अधिक चांगले सांगतो. गोळीचा गुण आला की मगच जेवावे. कष्टाची कामे सकाळी उरकावी. स्नानाला पाटावर वा स्टुलावर बसावे. थकवा येण्यापूर्वीच विसावा घ्यावा — अशा लहानसहान युक्त्या अनुभवातूनच उमजतात. याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, ‘मलाही असेच होते’ हे तीन शब्द ऐकताच वर्षानुवर्षे मनात साठलेली अपराधी भावना गळून पडते. आपल्या डॉक्टरांना विचारून अशा दुसऱ्या रुग्णाची, त्याच्या संमतीने, ओळख करून घ्यावी; महिन्यातून एकदा दोन कुटुंबांनी एकत्र बसावे. मात्र एकमेकांचे अनुभव घ्यावे, गोळ्या घेऊ नयेत. प्रत्येकाची मात्रा निराळी असते.

काही गोष्टींत हयगय नको. श्वास अपुरा पडू लागला, घोट गिळेनासा झाला किंवा बोलताना आवाज बसू लागला, तर गोळीची वाट न पाहता रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. काही प्रतिजैविके आणि मॅग्नेशियमची इंजेक्शने या व्याधीत अपायकारक ठरतात. म्हणून आजाराचे नाव व चालू औषधे लिहिलेली चिठ्ठी नेहमी जवळ असावी. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये.

या व्याधीत माणूस दुपारी एक आणि सायंकाळी दुसराच दिसतो. त्याची दुपार खरी, तशीच सायंकाळही खरी, हे घरच्यांनी ओळखले पाहिजे. उद्या आपल्या घरात कोणी ‘हात उचलवत नाही’ असे म्हणाले, तर बोल लावण्यापूर्वी त्याला बसायला पाट द्या, आणि दुसऱ्याच दिवशी मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.