‘मला जमतं’ म्हणजे नेमकं काय जमतं?

बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी बालदंतविभागात जो न अडखळता हात चालवतो तो हुशार ठरतो आणि जो सरांना दोनदा विचारतो तो कच्चा. हा समज घातक आहे. २००६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या स्वमूल्यमापनाचा आढावा आला होता. स्वतःविषयीचा अंदाज आणि इतरांनी केलेलं मोजमाप यांच्या २० तुलनांपैकी १३ मध्ये दोन्हींचा मेळ फारसा नव्हता, मुळीच नव्हता किंवा उलटाच होता. शिकून झालेल्या डॉक्टरांचं असं, तर विद्यार्थ्याचा ‘येतं’ हा शब्द एकटा किती धरायचा?

आत्मसन्मान चांगला म्हणजे कामावरचा विश्वासही पक्का, हेही खरं नाही. आत्मसन्मान मोजायला सर्रास वापरली जाणारी रोझेनबर्गची १९६५ ची प्रश्नावली १० विधानांची आहे; त्यांत दाताचा उल्लेखही नाही. स्वतःबद्दल समाधानी असलेला मुलगा पल्पोटॉमीच्या, म्हणजे दाताच्या नसेचा वरचा भाग काढण्याच्या, वेळी गडबडू शकतो.

‘दुधाचे तर दात, त्यात काय!’ हे तर घरोघरी ऐकू येतं, आणि विद्यार्थीही मनातून तसंच मानतात. प्रत्यक्षात दुधाच्या दाताचं एनॅमल कायमच्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं आणि आतली नस पृष्ठभागाच्या अगदी जवळ. दात कोरणारा बर जरा खोल गेला की नस उघडी पडते. खालच्या जबड्याला भूल देताना सुई मोठ्यांपेक्षा खालच्या पातळीवर न्यावी लागते, कारण जबड्याची नस जिथून हाडात शिरते ते छिद्र मुलांत खाली असतं. मात्राही वजनावर ठरते. किलोमागे ४.४ मिलिग्रॅम ही लिग्नोकेन या भुलीच्या औषधाची मर्यादा धरली, तर १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या औषधाचे जेमतेम ३.३ मिलिलिटर. हे गणित खुर्चीशेजारी उभं राहून चटकन करता येणं हेसुद्धा कौशल्यच.

मूल रडलं म्हणजे आपण नापास, असं मानून कित्येक जण स्वतःला कमी गुण देतात. तीन वर्षांचं मूल अनोळखी खुर्चीत रडणारच. १९६२ पासून वापरात असलेली फ्रँकलची चार पायऱ्यांची श्रेणी मुलाचं वागणं मोजते, डॉक्टरचं नाही.

म्हणून ‘बालदंतचिकित्सा येते का?’ असं मोघम विचारू नये. स्टीलची कॅप एकट्याने बसवता येते, सर शेजारी हवेत, की नुसती पाहिली आहे? असं कामागणिक विचारावं, सरांनी स्वतः पाहून दिलेला शेरा शेजारी लिहावा आणि दोन्हींतली तफावत विद्यार्थ्याला त्याच दिवशी दाखवावी.