चित्रफितीची लांबी आणि तिचा भार

चित्रफीत जितकी लांब तितकी ती अधिक दाबता येते, असा एक समज आढळतो. तो फार थोडा खरा आहे.

१९२० गुणिले १०८० बिंदूंच्या एका रंगीत चित्रास सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदास अशी २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाचे साडेपंधरा कोटी होतात. एवढा लोंढा घरोघर पोचविणे शक्य नाही. म्हणून काटकसर करावी लागते. डोळ्यास न जाणवणारे बारकावे गाळणे हा तिचा पहिला मार्ग. असे बारकावे वेगळे काढण्याची जी गणिती रीत सर्वत्र रूढ झाली, ती बंगळूरचे नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. दुसरा मार्ग अधिक चतुराईचा आहे. मागील चित्रात जे होते ते पुन्हा लिहावयाचे नाही, केवळ बदल लिहावयाचा.

हा बदलांचा हिशेब अखंड चालविला, तर मात्र मध्येच पाहू लागणाऱ्यास काहीच दिसणार नाही. म्हणून दर काही सेकंदांनी संपूर्ण चित्र नव्याने द्यावे लागते, आणि लांबीचा लाभ तेथेच संपतो. एकाच प्रकारच्या दृश्यांची तासाभराची फीत मिनिटाच्या फितीच्या जवळजवळ साठपट जागा घेते. खरा फरक पडतो तो हालचालीने. सरकारी बैठकीचे चित्रण उत्तम दाबले जाते, कारण तेथे पंख्याखेरीज फारसे काही हलत नाही. गुलालाने भरलेली विसर्जनाची मिरवणूक दाबताना यंत्राची दमछाक होते.

विजेचा हिशेब निराळा. दाबताना चित्राचा प्रत्येक तुकडा शेजारच्या चित्रांत धुंडाळावा लागतो; हे काम जड, पण एकदाच करावयाचे. २०१३ ची पद्धती २००३ च्या पद्धतीहून जवळजवळ निम्म्या जागेत तेच चित्र बसविते, परंतु श्रम पुष्कळ अधिक मागते. प्रेक्षक लक्षावधी असतील तर ते श्रम फळतात. चौघांसाठी कशास करावे?

आखूड फितींचेही एक गुपित आहे. पुढच्या फिती आधीच उतरवून ठेवल्या जातात, आणि त्यांपैकी कित्येक कोणी पाहतही नाही. शिवाय प्रत्येक उतरवणीनंतर मोबाइलमधील ग्राहकयंत्र काही सेकंद जागेच राहते. मोठ्या दूरचित्रवाणी संचावर तर बहुतेक वीज पडदा उजळण्यातच जाते. तेथे फीत कितीही दाबली तरी बिल फारसे हलत नाही.