पाखराचा पाय अधू झाला तर

प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेल्या संगमनेरात घराच्या गॅलरीत टांगलेला ‘लव्हबर्ड’चा पिंजरा काही नवलाची गोष्ट नाही. गंमत अशी की, दुकानदार ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो पक्षी बहुधा बजरीगर असतो, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या गवताळ माळांवरचा छोटा पोपट. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपला हिरवा पोपट मात्र घरी पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

असा एखादा बजरीगर एके दिवशी दांडीवर एकाच पायावर बसलेला दिसतो. निरोगी पक्षीही झोपताना एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो, त्यामुळे घरची मंडळी तिकडे लक्ष देत नाहीत. पण दाणे टिपताना आणि दांडीवर सरकतानाही तो पाय टेकत नसेल, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. येथे वेळ दवडून चालत नाही. रानात आजारी दिसणारा पक्षी शत्रूच्या नजरेत चटकन भरतो, म्हणून पक्षी होईल तितके दुखणे लपवतात. आपल्याला ते दिसू लागते तोवर बरेचदा जुने झालेले असते.

मुळात पक्ष्याचा पाय असतो तरी कसा? कोंबडीचा गुडघा मागे वळतो असे आपल्याला वाटते. तो गुडघा नव्हेच, तो घोटा! खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत दडलेला असतो आणि आपल्यासारखाच पुढे वळतो. घोट्याखालची जी काडी दिसते, ती मुख्यतः तळपायाची हाडे एकमेकांना जुळून तयार झालेली असते. म्हणजे पक्षी जन्मभर बोटांवर उभा असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पायाकडे जाणारा मुख्य मज्जातंतू पक्ष्यांत मूत्रपिंडातून वाट काढत जातो. मूत्रपिंडात गाठ झाली की हा तंतू दाबला जातो आणि बजरीगर एका पायाने लंगडू लागतो. पायाला काहीच झालेले नसते. दुखणे असते पोटात! म्हणूनच लंगडणे हा रोग नाही, ती केवळ खूण आहे.

तपासताना पाखरू हातरुमालात हलकेच धरावे, पण छाती आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड हलवूनच तो श्वास घेतो. मुठीत छाती दाबली गेली तर तो गुदमरून मरतो. आता तळव्याला पेन्सिल लावा. बोटे घट्ट मिटतात का? दोन्ही पाय सारखेच ऊबदार आहेत का? कोठे सूज, खपली, घट्ट झालेले कडे? बोटांना दोरा किंवा केस गुंडाळलेला नाही ना, हे भिंगाने पाहावे. पॅरिसमधील कबुतरांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या वस्तीत केस कापण्याची दुकाने जास्त, तेथे बोटे तुटलेली कबुतरेही जास्त आढळली. आपल्याकडे संक्रांतीनंतर तारांवर आणि झाडांवर लोंबणारा मांजा हेच काम करतो.

चोचीवरची नाकाची पट्टी तपकिरी असेल तर बजरीगर बहुधा वयात आलेली मादी असते. ती पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली असेल आणि दोन्ही पाय लुळे वाटत असतील, तर अंडे अडकले असण्याची शंका घ्यावी. अशा वेळी उद्याची वाट पाहू नये. रक्त येत असेल तरीही तसेच. ३५ ग्रॅमच्या पाखरात रक्त असते जेमतेम साडेतीन मिलिलिटर, तेव्हा स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी आणि निघावे.

हळद-तेलाचा लेप लावू नये. तेलाने पिसे चिकटली की अंगाची ऊब टिकत नाही. आगपेटीच्या काड्या बांधून हाड बसवण्याचा खटाटोपही नको. लहान पक्ष्याचे हाड नीट बसवले तर साधारण तीन आठवड्यांत जुळते, तसेच वाकडे बसले तरी वाकडेच जुळते! घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नये. डायक्लोफिनॅक हे औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. माणसाला आणि गाईला जे चालले, ते गिधाडाला चालले नाही.

मग घरी करायचे काय? पाखराला उंचावरून पडू न देणे आणि ऊब देणे. दांड्या काढून तळाशी घडी केलेले, दोरे न सुटलेले सुती कापड घालावे. दाणापाणी तोंडाशी ठेवावे. पिंजऱ्याच्या एका बाजूला, बाहेरून, तारेचा जुना ४० वॅटचा बल्ब लावावा (एलईडी दिव्याची ऊब पुरत नाही). दुसरी बाजू गार राहू द्यावी, म्हणजे उकडल्यास पाखराला सरकता येईल. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. रोज सकाळी दाणे देण्यापूर्वी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून वहीत लिहावे. ३५ ग्रॅमचे पाखरू ३२ वर आले, तर ते धडपणे खात नाही हे नक्की. फुगलेल्या पिसांमुळे नजरेला हे कळत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाताना ही वही आणि विष्ठा पडलेला कागद बरोबर न्यावा. गुरांच्या डॉक्टरांकडे पाखरे क्वचितच येतात. तुमची नोंद त्यांच्या फार उपयोगी पडते.

आहाराचेही पाहावे लागते. नुसत्या राळ्यावर आणि बाजरीवर वाढलेल्या पाखराला जीवनसत्त्व ‘अ’ आणि कॅल्शियम कमी पडते. तळव्याची कातडी खराब होते, हाडे कमकुवत होतात. किसलेले गाजर, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला थोडा थोडा द्यावा.

काही पाय बरे होत नाहीत, तरीही पाखरू पुढे कित्येक वर्षे जगू शकते. अशा पाखराच्या अधू पायापेक्षा चांगल्या पायाची काळजी मला जास्त वाटते. सगळा भार त्याच्यावर पडतो, तळवा झिजतो आणि तेथे गळू होते. सर्वत्र सारखी जाड असलेली गुळगुळीत दांडी एकाच जागी टोचत राहते. तिच्याऐवजी कडुनिंबाची किंवा पेरूची वेडीवाकडी फांदी खाली, तळाजवळ बांधावी आणि एका कोपऱ्यात सपाट फळी बसवावी. दर रविवारी चांगल्या पायाचा तळवा उलटून पाहावा. त्यावरचे बारीक खवले जाऊन कातडी तुकतुकीत लाल दिसू लागली, की त्याच दिवशी फांदी बदलावी.