फांदीआडचा अडथळा

लांबून तो हिरव्या फांद्यांचा नीट कातरलेला बांध दिसतो. जवळ गेलं की आधी राळेचा वास येतो, मग लक्षात येतं की उंची आपल्या छातीपर्यंत आहे. हात आत घातला तर स्प्रूसच्या काटेरी पानांमधून कोपरापर्यंत जातो आणि मग कशाला तरी टेकतो. ते जे काही आत टेकतं, त्याच्याबद्दल मला लिहायचं आहे.

लिव्हरपूलच्या उत्तरेला एनट्रीचं रेसकोर्स आहे. दर एप्रिलमध्ये तिथे तीन दिवसांचा उत्सव भरतो आणि शनिवारी ग्रँड नॅशनल धावते. सव्वाचार मैलांपेक्षा थोडं जास्त अंतर, मैदानाच्या दोन फेऱ्या, तीस उड्या. महालक्ष्मीला किंवा पुण्याला आपण जी रेस बघतो ती सपाट मैदानावरची असते, दीड-दोन मिनिटांत निकाल लागतो. इथे घोडे नऊ-दहा मिनिटं धावत असतात आणि शेवटच्या उडीनंतरही ४९४ यार्डांची वाट उरलेली असते. त्या वाटेवर कित्येकांच्या हातची शर्यत गेली आहे. १९५६ साली ब्रिटनच्या राजमातेचा डेव्हन लॉक हा घोडा स्पष्ट आघाडीवर असताना विजयखांबाजवळ अचानक पोटावर आडवा झाला. त्याचा जॉकी डिक फ्रान्सिस. पुढे तो रहस्यकथा लिहू लागला आणि आपल्याकडच्या अनेक वाचकांनी ग्रँड नॅशनल हे नाव पहिल्यांदा त्याच्याच पुस्तकांत वाचलं.

संपादकांनी सांगितलं ते एवढंच, की २०२४ पासून या शर्यतीत मोठे बदल झाले आहेत, जुन्या शौकिनांना ते कसे वाटतात ते लिहा. मी स्वतःच जुना शौकीन आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारत बसलो नाही. अडथळ्यांकडे गेलो.

एका फेरीत सोळा अडथळे. त्यातले चौदा दोनदा उडायचे, ‘द चेअर’ आणि पाण्याची उडी एकदाच. चेअरची उंची पाच फूट दोन इंच, त्याच्या अलीकडे रुंद चर, आणि पलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा सहा इंच वर. घोडा उडतो तेव्हा त्याचा अंदाज असतो तेवढ्या खाली जमीन नसते, ती आधीच पायाला लागते. ‘बीचर्स ब्रूक’ला बरोबर उलटं, तिथे पलीकडची जमीन खाली आहे. ‘कॅनॉल टर्न’ला उडी संपते न संपते तोच डावीकडे काटकोनात वळायचं. प्रत्येक अडथळ्याचा असा वेगळा स्वभाव आहे. घोडा चांगला असून भागत नाही, तो विचार करणारा लागतो.

या सगळ्यांवर चढवलेला स्प्रूस लेक डिस्ट्रिक्टच्या जंगलातून येतो. शर्यतीआधीचे काही आठवडे अडथळे ‘सजवण्याचं’ काम चालतं. मी ज्याच्याजवळ बराच वेळ उभा होतो तो पन्नाशीचा, हातात जाड मोजे घातलेला माणूस होता. फांदी उचलायची, बुडखा आत खोचायचा, तळहाताने दोनदा दाबायची, मग शेजारची फांदी तिच्यावर थोडी चढवून बसवायची, म्हणजे पहिली सुटत नाही. दहा-बारा फांद्या झाल्या की तो दोन पावलं मागे जाई, मान तिरकी करून बघे आणि कुठेतरी एक फांदी परत उपसून काढी. मी विचारलं, ती का काढली? म्हणाला, तिथे उजेड दिसत होता. घोड्याला भोक दिसलं की तो भोकातून जायला बघतो, वरून जात नाही.

सजावट एकदा करून संपत नाही. याच अडथळ्यांवरून गुरुवारी फॉक्सहंटर्स धावते, शुक्रवारी टॉपहॅम आणि शनिवारी नॅशनल. प्रत्येक वेळी वरचा फूटभर स्प्रूस खुरांनी उधळला जातो, माणसं फांद्या गोळा करतात आणि नव्या खोचतात. शनिवारी पहिली फेरी गेली की दुसरी येईपर्यंत जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात वाटेतली पडझड आवरायची. फांद्या पुन्हा भरायला वेळ नसतो, म्हणून दुसऱ्या फेरीत अडथळ्यांमध्ये खिंडारं दिसतात आणि हुशार जॉकी घोडा तिकडेच नेतो. टीव्हीवर हे कळत नाही.

आता फांद्यांच्या आत काय आहे ते सांगतो. २०१२ पर्यंत आत लाकडी सांगाडा होता, जमिनीत पक्के रोवलेले खांब. वरचा स्प्रूस घोड्याला माफ करायचा, खालचं लाकूड माफ करत नसे. पुढचे पाय खाली राहिले की ते लाकडावर आपटत आणि घोडा डोक्यावर उलटे. २०१३च्या शर्यतीपासून तिथे लवचिक प्लास्टिकच्या काड्यांचा गाभा आला. बाहेरून काहीच बदललं नाही, तोच हिरवा रंग, तीच उंची. पण आता घोड्याने चूक केली तर अडथळा वाकतो. मी हात घातला तेव्हा जे टेकलं ते हे प्लास्टिक होतं. ढकलल्यावर ते थोडं मागे गेलं आणि सोडल्यावर परत आलं.

२०१३ ते २०१८ या सहा नॅशनलमध्ये एकही घोडा दगावला नाही. मी या एका बदलाला बाकी सगळ्यांपेक्षा वरचा मान देतो. शर्यत तशीच दिसली, तशीच अवघड राहिली, आणि चुकीची शिक्षा कमी झाली.

‘खरी नॅशनल गेली’ असं हळहळणाऱ्यांनी शर्यतीचा इतिहास जरा चाळावा. १८३९ साली, लॉटरी नावाच्या घोड्याने जिंकली तेव्हा, स्पर्धक नांगरलेल्या शेतांतून धावले आणि वाटेत एक दगडी भिंत उडाले. कॅप्टन मार्टिन बीचर त्याच दिवशी ओढ्यात पडला आणि ओढ्याला त्याचं नाव लागलं. भिंत गेली, शेतं गेली. १९२८ साली ईस्टर हीरो हा घोडा कॅनॉल टर्नच्या अडथळ्यावर अडकून बसला, मागचे घोडे एकमेकांवर आदळले आणि बेचाळीसपैकी न पडता एकच परत आला, टिपरेरी टिम, भाव शंभरास एक. त्यानंतर तिथला चर बुजवला गेला. १९२९ साली ६६ घोडे सुटले होते, १९८४पासून मर्यादा चाळीसची झाली. १९६१ साली उभ्या भिंतीसारख्या अडथळ्यांना अलीकडून उतार दिला गेला. १९८९ साली बीचर्स ब्रूकला दोन घोडे मेले, तेव्हा ओढ्याचा काठ भरून घेतला. ज्या शर्यतीच्या आठवणीने आपले डोळे पाणावतात तीही आधीच्या पिढीच्या लेखी मऊ केलेलीच होती.

२०१२ साली लाकडी गाभ्याची शेवटची नॅशनल धावली. सिंक्रनाइज्ड हा त्याच वर्षीचा चेल्टनम गोल्ड कप विजेता बीचर्सला पडला. त्याला काही झालं नव्हतं. तो उठला आणि जॉकीविना कळपाबरोबर धावत सुटला, कारण घोडा कळप सोडत नाही. अकराव्या अडथळ्यावर त्याचा पाय मोडला आणि त्याला संपवावं लागलं. २०२३ साली प्राणिहक्क आंदोलक मैदानात घुसले, शर्यत चौदा मिनिटं लांबली, आणि सुटल्यावर पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन हा घोडा मान मोडून गेला. त्यानंतर जॉकी क्लबने जी यादी जाहीर केली, ती या दोन घटना डोळ्यांसमोर ठेवून वाचली की प्रत्येक कलमाचं कारण दिसतं.

घोडे चाळीसवरून चौतीस केले. पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेच्या साठ यार्ड जवळ आणला, म्हणजे तिथे पोचेपर्यंत वेग चढणार नाही. पळत येऊन सुटण्याऐवजी उभं राहून सुटायचं. अकराव्या अडथळ्याची उंची दोन इंचांनी उतरवली आणि पलीकडची जमीन वर घेतली. मोकाट घोड्यांना बाहेर काढून पकडण्यासाठी आडोसे केले. वेळ सव्वापाचऐवजी चार, कारण दुपार सरते तशी ऊन-वाऱ्याने जमीन कडक होत जाते आणि कडक जमिनीवर वेग वाढतो. उड्यांमध्ये वारंवार चुका करणाऱ्या घोड्यांना आधीच चाळून बाजूला काढायचं.

यातलं बहुतेक सगळं एकाच गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे वेग. नॅशनलमधली खरी अडचण तिथेच आहे आणि ती सहज दिसत नाही. अडथळा भयंकर असेल तर जॉकी लगाम खेचून येतो, घोडाही बिचकत येतो. अडथळा सोपा केला की दोघंही बेधडक येतात. मग ठेच कमी वेळा लागते, पण लागली तर जोरात लागते. म्हणून नुसती उंची कमी करून चालत नाही, वेग दुसरीकडून काढून घ्यावा लागतो. साठ यार्डांचा बदल मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो. २०२४ साली बत्तीस घोडे धावले, एकवीस पोचले. काही जॉकी खोगिरावरून उडाले, पण पडला एकही घोडा नाही. मी ते बघत होतो आणि दुसऱ्या फेरीत बीचर्स पार झाल्यावर मोठ्याने ओरडलो. कोण जिंकतंय याच्याशी त्या ओरडण्याचा संबंध नव्हता.

२०२५ साली ते सुख टिकलं नाही. ब्रॉडवे बॉय आघाडीवर असताना पंचविसाव्या अडथळ्यावर इतका वाईट पडला की बघवलं नाही. तो वाचला. सेलेब्र द’आलें हा तेरा वर्षांचा घोडा शेवटच्या उडीनंतरच्या वाटेवर कोसळला, शुद्धीवर आला, आणि काही दिवसांनी गेला. जॉकीवर दहा दिवसांची बंदी आली, कारण घोड्याची ताकद संपल्यावरही त्याने त्याला थांबवलं नाही. या घोड्याला कोणत्याही अडथळ्याने मारलं नाही. प्लास्टिकचा गाभा, साठ यार्ड, दोन इंच, यांतलं काहीच त्याच्या उपयोगाचं नव्हतं. थकलेला घोडा ओळखून लगाम खेचण्याचं काम माणसाचंच, आणि त्यासाठी शिक्षा आणखी कडक झाली तरी माझी हरकत नसेल.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. त्या वर्षी पहिला, दुसरा आणि तिसरा, तिन्ही घोडे आयर्लंडच्या विली मुलिन्स यांच्या तबेल्यातले. पाचवा आणि सातवाही त्यांचाच. विजेत्या निक रॉकेटवर त्यांचाच मुलगा पॅट्रिक होता, हौशी जॉकी. बाप टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर रडला आणि ते पाहून मीही रडलो. घोडा ज्या जोडप्याचा होता त्यातली पत्नी, सेडी, हा दिवस बघायला उरली नव्हती. या विजयाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही आणि मुलिन्स यांच्या कर्तबगारीला तर मुळीच नाही. पण चौतीस जागांमध्ये एका-दोघांचे इतके घोडे असले की काय होतं, ते सांगायला हवं.

नॅशनल ही हँडिकॅप शर्यत आहे, चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमी घोड्यावर कमी. जागा भरतात त्या गुणांकनाच्या उतरत्या क्रमाने. किमान गुणांकन १२५ वरून १३० केलं याची बातमी झाली, पण ती पाटी नावापुरती आहे, कारण १४० च्या खालचा घोडा आता आत क्वचितच येतो. खरी चाळणी चौतीसच्या आकड्याची आहे. शेवटच्या सहा जागा गेल्या त्या छोट्या तबेल्यांच्या गेल्या. शिवाय अडथळे जितके सुरक्षित होतात तितके मोठे मालक आपले उंची घोडे बिनधास्त पाठवतात, आणि वरची गर्दी आणखी दाटते. सुरक्षेचं प्रत्येक पाऊल नकळत धाकट्यांना बाहेर ढकलतं.

रेड रमचं उदाहरण घ्या. १९७३, १९७४ आणि १९७७ साली तो जिंकला, मधली दोन वर्षं दुसरा आला. तीन नॅशनल जिंकणारा दुसरा कोणी नाही. त्याचे ट्रेनर जिंजर मकेन साउथपोर्टला गाड्या विकत, शोरूमच्या मागे त्यांचा तबेला होता. पायाच्या हाडाचं दुखणं असलेला हा घोडा त्यांनी सहा हजार गिनींना घेतला आणि समुद्रकाठच्या वाळूवर पळवला. त्या काळात एनट्री विकायला निघालं होतं, दरवर्षी ‘ही शेवटची नॅशनल’ असं छापून यायचं. एका गाडीविक्याच्या घोड्यामुळे देश पुन्हा टीव्हीसमोर बसला. शेवटी १९८३ साली लोकांकडून पैसे गोळा करून रेसकोर्स वाचवलं गेलं. रेड रम आज तिथेच, विजयखांबाजवळ पुरलेला आहे. तसा तबेला आज असता तर त्याला चौतीसमध्ये यायला किती मोठा डोंगर चढावा लागला असता?

घोडे परत चाळीस करा असं मी म्हणणार नाही. गर्दी कमी झाल्याने फायदा झाला हे मी मैदानावर डोळ्यांनी पाहिलं आहे. पण एका ट्रेनरला पाच-सहापेक्षा जास्त घोडे उतरवता येऊ नयेत, आणि चार-पाच जागा गुणांकनाबाहेर राखून ठेवाव्यात. डिसेंबरमध्ये याच अडथळ्यांवरून बीचर चेस धावते, तिच्या विजेत्याला एक जागा हक्काने द्या. वेल्श नॅशनलच्या विजेत्याला एक. मोठे तबेले म्हणतील, कमी गुणांचा घोडा आत घेणं म्हणजे धोका वाढवणं. बीचर चेसपुरतं तरी मला ते मान्य नाही. ज्या घोड्याने हिवाळ्याच्या चिखलात हेच ब्रूक आणि हाच कॅनॉल टर्न न चुकता पार केला आहे, त्याला हे अडथळे पाठ आहेत. १६० गुणांचा घोडा कितीही तालेवार असला तरी त्याने एनट्रीचा स्प्रूस कधी पाहिलेला नसू शकतो, आणि पहिल्या अडथळ्याकडे तो किती वेगाने येईल हे त्याच्या गुणांवरून कळत नाही.