ऊन पाण्याच्या कुंडासाठी स्वस्त जंतुनाशक

पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्जंतुक असतेच असे नाही. ऊन पाण्याच्या स्नानकुंडात हा धोका विशेष असतो. कारण शरीराला सुखावणारी ऊब जंतूंनाही मानवते. लिजनेला हा जंतू २५ ते ४५ अंश सेल्सियस तपमानात जोमाने वाढतो व उडणाऱ्या तुषारांबरोबर फुफ्फुसांत शिरतो. १९९९ साली नेदरलंड्समधील एका पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या अशाच कुंडामुळे फुफ्फुसदाहाची साथ पसरून अनेक माणसे दगावली.

यावर क्लोरीन हा जुना व स्वस्त उपाय होय. बाजारात तो निरनिराळ्या रूपांत मिळतो. ताज्या ब्लीचिंग पावडरीत उपयुक्त क्लोरीन शेकडा ३० च्या आसपास असतो, तर कॅल्शियम हायपोक्लोराइटात सुमारे ६५. म्हणून किलोचा भाव पाहून निवड करू नये. एक ग्रॅम उपयुक्त क्लोरीन केवढ्यास पडतो, ते पाहावे.

कुंडातील पाण्यात दर लिटरला निदान ३ मिलिग्रॅम क्लोरीन असावा. १००० लिटर पाण्यास ३ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ताजी पावडर १० ग्रॅम लागते. मात्र ही पावडर उष्णतेने व दमट हवेने निकस होते. जबलपुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढतो. तेथे वर्षभर उघड्या पोत्यात पडलेल्या पावडरीचा कस निम्म्यावर आला, तर तेवढ्याच कामास २० ग्रॅम लागतील आणि स्वस्त वस्तू महाग ठरेल. म्हणून ती थोडी थोडी आणावी व घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड व कोरड्या जागी ठेवावी. ती बादलीभर पाण्यात कालवून चुना तळाशी बसू द्यावा व वरची निवळीच कुंडात घालावी.

स्नान करणाऱ्यांचा घाम, पाण्याची ऊब व सूर्यप्रकाश यांमुळे क्लोरीन झपाट्याने खर्च होतो. तेव्हा स्नानापूर्वी त्याचे प्रमाण तपासावे. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ राखावा, तो ८ झाल्यास क्लोरीनचा सुमारे चौथा भागच प्रभावी उरतो. तुरटी गाळ बसवते, जंतू मारीत नाही. ब्रोमीन ऊन पाण्यात चांगला टिकतो, पण तो महाग पडतो.

निरनिराळी क्लोरीनयुक्त द्रव्ये एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊ शकतो. अम्लाशी त्यांचा संपर्क आल्यास विषारी वायू सुटतो. खरी काटकसर द्रव्य कमी घालण्यात नसून, कसदार द्रव्य योग्य प्रमाणात वापरण्यात आहे.