रिजेक्शन शून्य

‘मोजून मापून’ लेखमाला : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो. ऊस कमी भरला की बरोबर, हे भांडण कितीही वर्षं चालो, उसाला वजन असतं याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत असतं. आजची वस्तू तशी नाही. तिला वजन नाही, लांबी नाही, हाताला ती लागत नाही, आणि तरी तिची ‘क्वालिटी’ मोजण्यात विद्यापीठांतल्या माणसांनी अख्खी आयुष्यं घातली आहेत. सॉफ्टवेअर.

सुरुवात मात्र लोखंडापासून करतो, कारण मापाशी माझी गाठ तिथेच पडली. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका लहानशा मशीन शॉपमध्ये क्यूसीत, म्हणजे माल तपासणीत, मदतनीस म्हणून मी पहिली नोकरी केली. लेथवरून उतरलेल्या बुशची पेटी समोर यायची. गेजची ‘गो’ बाजू भोकात शिरली पाहिजे, ‘नो-गो’ बाजू शिरता कामा नये. दोन्ही शिरल्या तर माल भंगारात, एकही शिरली नाही तर परत मशीनवर. आमचे इन्स्पेक्टर होते तात्या. एकदा ते घरच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर गेले. मी नवखा, मला गेज दिलं नव्हतं. माल तसाच पुढे गेला. सोमवारी तक्ता लागला, आणि त्या आठवड्याच्या रकान्यात इतिहासात पहिल्यांदाच ‘रिजेक्शन : ०’. साहेब खूश. तात्या आले, तक्त्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “शून्य कशाचं रे? मी नव्हतो त्याचं शून्य आहे हे.” पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाकडून अर्धा लॉट परत आला.

तात्यांना जे एका वाक्यात कळलं, ते सॉफ्टवेअरच्या संशोधकांना आकडेवारीनिशी सिद्ध करायला बरीच दशकं लागली. त्या दशकांची ही गोष्ट.

सॉफ्टवेअरचं पहिलं माप म्हणजे ओळी. प्रोग्रॅम किती ओळींचा? मोजायला सोपं, म्हणून सगळ्यांनी धरलं. पण कापडासारखं ते वारावर विकायचं नसतं. १९८२ साली ॲपल कंपनीत ‘लिसा’ नावाच्या संगणकाचं काम चालू होतं. दर आठवड्याला प्रत्येकाने किती ओळी लिहिल्या याचा फॉर्म भरायचा, असा फतवा निघाला. बिल ॲटकिन्सन या त्यांच्या कसबी प्रोग्रॅमरने त्याच आठवड्यात चित्रं काढणारा भाग नव्याने लिहून जास्त वेगवान केला होता, आणि तो करताना दोन हजार ओळी कमी झाल्या होत्या. त्याने फॉर्मवर ‘उणे २०००’ लिहून दिलं. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागायचं बंद झालं.

१९७६ साली थॉमस मॅकेब यांनी जरा खोलात जाऊन वेगळं माप सुचवलं होतं. ओळी सोडा, वळणं मोजा. प्रोग्रॅममध्ये ‘असं असेल तर हे, नाही तर ते’ असे फाटे किती आहेत ते मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. आपल्याकडच्या दूध संकलन केंद्राचंच उदाहरण घ्या. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) हा पाया. फॅट ३.५ पेक्षा कमी असेल तर दर कापा. एसएनएफ ८.५ पेक्षा कमी असेल तर आणखी कापा. फॅट ३.५ च्या वर असेल तर पॉइंटमागे वाढवून द्या. तीन फाटे, म्हणून मॅकेब यांचा आकडा चार. म्हणजे निदान चार वेगवेगळ्या प्रकारची दुधं घालून हा प्रोग्रॅम तपासा. आकडा दहाच्या वर गेला तर प्रोग्रॅमचे तुकडे करा, असंही त्यांनी सांगितलं. सल्ला शहाणपणाचा आहे आणि आजही वापरात आहे.

पण आता बघा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘३.५ पेक्षा कमी’ऐवजी चुकून ‘३.५ किंवा त्याहून कमी’ लिहिलं. एका चिन्हाचा फरक. ज्याच्या दुधाला बरोबर ३.५ फॅट लागलं, त्याचा दर रोज सकाळ-संध्याकाळ कापला जाणार. मॅकेब यांचा आकडा? चारच. चुकीच्या प्रोग्रॅमचाही चार आणि बरोबर प्रोग्रॅमचाही चार. माप खोटं नाही, पण ते गुंतागुंत मोजतं, आणि आपण त्याच्याकडे खरेपणा मागत असतो.

अशी मापं पुढे शेकड्यांनी निघाली. १९९४ सालचा श्याम चिदंबर आणि ख्रिस केमरर यांचा सहा मापांचा संच अजून पाठ्यपुस्तकांत आहे. परीक्षेला तो हमखास येतो, एवढं सांगून पुढे जातो.

या गर्दीत थांबून ‘मुळात मोजणं म्हणजे काय’ असं विचारणाऱ्यांत लंडनचे प्राध्यापक नॉर्मन फेंटन हे ठळक नाव. शिक्षण गणिताचं. १९९१ साली त्यांचं सॉफ्टवेअरच्या मापांवरचं पुस्तक आलं. पुढच्या आवृत्त्यांना सहलेखक बदलत गेले, तिसरी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली. त्यांचा पहिला आग्रह अगदी प्राथमिक होता: आकडा कोणत्या जातीचा आहे ते आधी बघा. एसटीतल्या सीटचा नंबर हा आकडाच आहे, पण वीस नंबरची सीट दहा नंबरच्या दुप्पट नसते. कुस्तीतला पहिला नंबर आणि दुसरा नंबर यांत क्रम आहे, अंतर किती ते कळत नाही. किलो आणि मीटरचं मात्र दुप्पट-तिप्पट करता येतं. मग गुंतागुंत वीस असलेला प्रोग्रॅम दहावाल्याच्या दुप्पट अवघड, असं कोणत्या आधारावर म्हणता? सरासरी कशाची काढता? पुष्कळ शोधनिबंधांची हवा या एका प्रश्नाने गेली असावी, असं माझं आपलं मत.

फेंटन यांचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते काम २००० साली छापून आलं. निक्लास ओल्सन यांच्याबरोबर त्यांनी एरिक्सन या स्वीडिश टेलिफोन कंपनीच्या एका मोठ्या प्रणालीतले दोष तपासले. चाचणीत कुठे किती दोष सापडले आणि माल गिऱ्हाइकाकडे गेल्यावर कुठे किती निघाले, दोन्ही नोंदी होत्या. चाचणीतले सुमारे ६० टक्के दोष अवघ्या २० टक्के भागांत एकवटलेले निघाले. इथवर अपेक्षेप्रमाणेच. सगळ्यांचा समज असा की ज्या भागात चाचणीत खूप दोष सापडतात तो भाग मुळातच नासका, गिऱ्हाइकाकडेही तोच त्रास देणार. निघालं उलटं. चाचणीत ज्यांनी सर्वांत जास्त दोष दाखवले, ते भाग नंतर बहुतांशी शांत राहिले. आणि नंतर ज्यांनी त्रास दिला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी चाचणीत फारसं काही दाखवलंच नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला तात्या आठवले. दोष जास्त सापडले याचा अर्थ माल खराब असेलही, किंवा शोधणाऱ्याने कसून शोधलं असेल. दोष सापडले नाहीत याचा अर्थ माल चांगला असेल, किंवा तात्या लग्नाला गेले असतील. नुसत्या आकड्यावरून यांतलं काय हे ओळखता येत नाही. त्या आकड्याशेजारी ‘किती शोधलं’ हा दुसरा रकाना लागतो, आणि तो रकाना बहुतेक तक्त्यांत नसतोच.

याच सुमारास फेंटन यांनी जे केलं ते धाडसाचं होतं. ज्या पद्धतींवर आपलं नाव झालं, त्यांवरच १९९९ मध्ये मार्टिन नील यांच्यासोबत त्यांनी सडकून टीका लिहिली, आणि पुढची वर्षं बेझच्या संभाव्यतेवर उभारलेल्या कार्यकारणाच्या जाळ्यांना दिली. त्या जाळ्यांत चाचणीतली कसोशी, काम करणाऱ्यांचा अनुभव, समस्येची अवघडता हे सगळं आकड्याबरोबर बसतं. अशी कबुली देणारे ते एकटे नव्हेत. जे मोजता येत नाही त्यावर ताबा ठेवता येत नाही, असं १९८२ साली ठासून सांगणाऱ्या टॉम डिमार्को यांनी २००९ मध्ये स्वतःच लिहिलं की आपला भर जरा चुकलाच. कोणत्याही पेशात एवढं कमी लोक करतात.

अजून एक जुना निबंध सांगायलाच हवा. १९८४ साली आयबीएमच्या एडवर्ड ॲडम्स यांनी दाखवलं की त्यांच्या मोठ्या प्रणालींतले जवळपास एक तृतीयांश दोष इतके आडवळणी होते की एका ठिकाणच्या वापरात त्यांची गाठ पडायला सरासरी पाच हजार वर्षं लागतील. वरचेवर चावणारे दोष दोन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे हजार ओळींमागे दोष किती, हा कारखान्यातल्या पीपीएमसारखा (दहा लाख नगांमागे सदोष किती) दिसणारा आकडा फसवा आहे. पीपीएममध्ये एक बुश दुसऱ्यासारखाच असतो. इथे एक दोष रोज पहाटे ३.५ फॅटवाल्याला चावतो आणि दुसरा पणतूच्याही हयातीत उठत नाही.

आणि झोपलेला दोष जागा बदलली की उठतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचं ‘एरियान ५’ रॉकेट प्रज्वलनानंतर सदतीस सेकंदांच्या आसपास भरकटलं आणि फुटलं. त्यातला दिशादर्शनाचा प्रोग्रॅम ‘एरियान ४’वरून जसाच्या तसा घेतलेला, तिथे बिनतक्रार चाललेला. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, तो आकडा सोळा बिटांच्या घरात मावला नाही. जुन्या जॉबचं फिक्श्चर नव्या जॉबला लावून पाहणाऱ्या आपल्या सेटरना हे वेगळं सांगायला नको.

हे संशोधन सगळं परदेशातच झालं असं नाही. आपल्याकडे १९८१ साली पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, टीआरडीडीसी, उभं राहिलं. त्यामागे भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे अग्रणी फकीरचंद कोहली. सॉफ्टवेअरच्या धंद्याला संशोधनाची जोड हवी हे त्यांनी फार लवकर ओळखलं. गंमत म्हणजे एकाच छपराखाली एकीकडे धातू आणि प्रक्रिया उद्योगांचं संशोधन, दुसरीकडे सॉफ्टवेअरचं. भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळणारं ‘सुजल’ इथलंच. पास्कल भाषेच्या कंपायलरवर झुरिकमध्ये काम केलेले केशव नोरी इथे होते, पुढे मथाई जोसेफ संचालक झाले.

या केंद्राच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं एका प्रश्नाचा पाठलाग केला: प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून त्यातले दोष यंत्राने शोधायचे. शून्याने भागाकार होतोय का, घरात मावणार नाही असा आकडा येतोय का, यादीच्या बाहेरची जागा वाचली जातेय का. गाडीतल्या कंट्रोलरच्या प्रोग्रॅमसाठी हे फार कामाचं. अडचण अशी की असं यंत्र भित्रं असतं. जिथे खात्री देता येत नाही तिथे ते घंटा वाजवतं, आणि बऱ्याच घंटा फोल निघतात. दहा वेळा फोल वाजली की अकराव्यांदा माणूस उठत नाही. म्हणून या फोल घंटा कमी कशा करायच्या, यावर पुण्यात निबंधांमागून निबंध लिहिले गेले.

नागापूरच्या कोणत्याही क्यूसीवाल्याला यातलं मर्म ओळखीचं वाटेल. आपल्याकडे ‘गेज आर अँड आर’ करतात: तेच नग, तेच गेज, पण वेगवेगळी माणसं, परत परत मोजायचं, आणि फरक नगांमुळे येतो की मोजणाऱ्यांमुळे ते बघायचं. आधी गेजची परीक्षा, मग मालाची. सॉफ्टवेअरच्या जगात ही शिस्त उशिरा आली आणि अजून पुरती मुरलेली नाही. विळद घाटातल्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं रोज नगर-मनमाड रस्त्याने नागापूरच्या या शेडवरूनच जातात. त्यांच्या मास्तरांनी त्यांना एकदा इथे उतरवून एखाद्या इन्स्पेक्टरच्या टेबलापाशी तासभर उभं करावं, ही माझी जाहीर विनंती.

बेझची जाळी म्हणजे नेमकं काय, ते पुढच्या आठवड्यात. तोवर घरी दुभतं असेल तर एक काम करा. संकलन केंद्रावरच्या पावत्या जपून ठेवा, आणि बरोबर ३.५ फॅटला दर कोणता लागलाय तो वाचून घ्या. सुरुवात त्या पावत्यांपासून करू.