अग्निशमन केंद्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंपरी-चिंचवड महापालिकेचे क्षेत्र सुमारे 181 चौरस किलोमीटर आहे. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषद या राष्ट्रीय पातळीवरील मंडळाच्या निकषानुसार शहरी भागात दर 10 चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे आणि बंब पाच ते सात मिनिटांत पोहोचावा. त्यामुळे 181 ला 10 ने भागून 18 केंद्रे उभारली की शहर सुरक्षित झाले, असा समज सर्रास आढळतो. भागाकार बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकतो, कारण क्षेत्रफळाचा हा आकडा वेळेच्या हिशेबाशी बांधलेला आहे.

10 चौरस किलोमीटरच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 1.8 किलोमीटर भरते, आणि रस्ते वळणावळणाचे असल्याने प्रत्यक्षात बंबाला सव्वादोन-अडीच किलोमीटर धावावे लागते, असे धरले तर ताशी 30 किलोमीटर वेगाने हे अंतर पाच मिनिटांत कापता येते. वेग निम्म्यावर आला की तेवढ्याच वेळात गाठता येणारे अंतर निम्मे होते आणि क्षेत्र तर चौथाईवर येते. शहराजवळच्या चाकणमधील तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी कंपन्यांच्या बस आणि कंटेनर अडकून पडतात, तेव्हा बंब तेच आणि जवानही तेच असताना केंद्राचे कार्यक्षेत्र असे आक्रसते. पवना, इंद्रायणी या नद्या आणि लोहमार्ग यांमुळेही नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन वस्त्या पुलाच्या वळशाने दूर पडतात. म्हणून नियोजनात कंपासने वर्तुळ काढून भागत नाही. केंद्रापासून सारख्या वेळात गाठता येणारी ठिकाणे जोडणारी समवेळ रेषा काढावी लागते, आणि तीही सर्वाधिक कोंडीच्या वेळेची.

याच कारणाने केंद्र चौकातच असावे हा आग्रहही घातक ठरतो. लाल दिव्यापाशी थांबलेल्या वाहनांची रांग थेट केंद्राच्या फाटकासमोर येते आणि बंब दारातच अडतो. चौकापासून थोडे आत, दोन बाजूंनी बाहेर पडता येईल असा भूखंड केव्हाही सरस.

औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (एमआयडीसी) स्वतंत्र अग्निशमन दल असते, त्यामुळे तेथील प्रश्न सुटलेला आहे, ही समजूतही अर्धवट आहे. चाकणजवळच्या निघोजे, महाळुंगे, कुरुळी या गावांत कारखान्यांना लागूनच गोदामे आणि कामगारांच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. आगीला हद्द ठाऊक नसते, म्हणून ग्रामपंचायत, नगरपरिषद, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि एमआयडीसी यांच्या केंद्रांचा आराखडा एकत्रच व्हायला हवा.

पाण्याचा टँकर जितका मोठा तितके संरक्षण अधिक, असेही मानले जाते. मात्र पेट्रोल, थिनरसारखे द्रव पाण्यापेक्षा हलके असल्याने पेटत्या स्थितीतही पाण्यावर तरंगून पसरतात आणि त्यांच्यासाठी फोम लागतो. तळवडे येथे 8 डिसेंबर 2023 रोजी केकवर लावायच्या शोभेच्या मेणबत्त्यांच्या अनधिकृत कारखान्यात आग लागून कामगारांचे बळी गेले. अशा मेणबत्त्यांतील ज्वालाग्राही दारू क्षणार्धात पेट घेते आणि तेथे शेजारचे केंद्रही उशिराचेच ठरते. अशा जागी संरक्षण तपासणीतून येते. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार आगप्रतिबंधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये देणे बंधनकारक आहे, पण नोंदच नसलेली शेड या चाळणीतून निसटते. केंद्राच्या आराखड्यात तपासणी कर्मचाऱ्यांची जागा धरली पाहिजे ती यासाठी.

राहिला प्रश्न इमारतीचा, आणि सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे, तो म्हणजे केंद्र म्हणजे गाड्या उभ्या करण्याची शेड. 12,000 लिटरच्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचेच वजन 12 टन असते, त्यामुळे साधी फरशी त्याखाली टिकत नाही. दारापुढे इतके मोकळे अंगण लागते की बंब रस्त्यावर येण्यापूर्वी पूर्ण बाहेर उभा राहील आणि चालकाला दोन्ही बाजूंची वाहने दिसतील. विश्रांतीची खोली गाड्यांलगत असेल तर घंटा वाजल्यावरचे मोलाचे सेकंद वाचतात, परंतु ती नुसती लगत असून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमन जवानाचे काम हेच कर्करोगकारक ठरवले आहे. काजळीने माखलेला कोट ज्या खुंटीवर टांगला जातो, तिच्यालगतच खाट असेल, तर ती काजळी जवानाच्या श्वासात आणि अंथरुणात उतरते. म्हणून आगीवरून परतलेल्या जवानाला आधी धुण्याची खोली, मग स्नानगृह आणि त्यानंतरच खाट लागावी, असा वाटेचा क्रम नकाशातच आखावा लागतो, आणि मळक्या भागातून झोपायच्या खोलीत उघडणारे थेट दार ठेवायचे नसते.